टिटवी यानाचं टाइमटेबल

८ जुलै १९८५
आज छापखान्याचे कारभारी घरी आले. यांच्या सातही गोष्टींचं पुस्तक काढणार म्हणाले, दिवाळीपर्यंत. हे जाऊन अडीच वर्षं झाली. आता कोणी नाव काढत नाही असं वाटत होतं. डोळे भरून आले, पण चहा टाकायचं निमित्त होतं म्हणून आत गेले.
काम एकच सांगितलं. दर दिवाळी अंकाला एक अशा सात वर्षांत सात गोष्टी. वाचणाऱ्याला मागचं आठवत नाही. तर कोणत्या साली काय घडलं याचं एक पान पुस्तकाच्या सुरुवातीला टाकू. ते तुम्हीच करा वहिनी, तुमच्याइतक्या वेळा कोणी वाचल्या नसतील. मी म्हटलं, आठ दिवसांत देते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण वाचनालयाची तीन कपाटं वाचून काढलेली बाई आहे मी. आठ दिवस उगाच जास्त सांगितले.

९ जुलै
सातही गोष्टी एका बैठकीत वाचल्या. अंकांतून कापून यांनी जपलेली पानं. दुसरी प्रत नाही. ते अंकही केव्हाच बंद पडले.
सगळं सोपं आहे. कॅप्टन सहादू ऐंशीच्या सिंहस्थात सातपूरहून 'टिटवी' यान घेऊन निघतो. यान इतकं जोरात जातं की यानातलं एक वर्ष म्हणजे इथला एक सिंहस्थ. चौथ्या गोष्टीत तो परत येतो तेव्हा सातवा सिंहस्थ चालू असतो. वरून आमच्या गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीवरच्या, मेळ्याचे दिवे दिसतात आणि सहादूला कळतं, नाशिक आलं.
(ऐंशी साल आलं आणि गेलं. सातपूरहून काही उडालं नाही. त्या वर्षी कारखान्यात टाळेबंदी होती. पण गोष्ट पंच्याहत्तरची, यांना काय ठाऊक.)
उद्यापासून पहाटे पाचला उठून लिहायचं.

१२ जुलै
पाचला उठणं जमलं नाही. सातला बसले.
यांची चूक सापडली.
ऐंशीनंतरचा सातवा सिंहस्थ. बारा साते चौऱ्याऐंशी. म्हणजे साल २०६४. यांनी लिहिलंय २०६३.
कारखान्यात सव्वीस वर्षं टाइमकीपर होते हे. एका मिनिटाने उशीर झाला तरी माणसाच्या कार्डावर लाल खूण करायचे. त्यांच्या पुस्तकात एक वर्ष चुकलं तर त्याच कामगारांना आयतं सापडेल. नुसत्या विचाराने कान तापले.
सिंहस्थाचं मला कोणी शिकवू नये. छप्पन, अडुसष्ट, ऐंशी, तीन मी स्वतः पाहिले. सिंहस्थात लग्नं लागत नाहीत म्हणून माझं लग्न वर्षभर अडून राहिलं होतं. बारा वर्षं म्हणजे बारा.
तिनाचा चार केला. शाईने, अगदी बारीक. यांची लाज राखली.

१८ जुलै
आठ दिवस होऊन गेले. कारभारींना निरोप पाठवला की काम फार खोलात जाऊन करते आहे.
आजपासून अधिक श्रावण. पंचांगवालेसुद्धा मेळ बसवायला अख्खा महिना घालतात. मी एक वर्ष घातलं तर काय बिघडलं?
बिघडलं ते असं. सहादू परत येतो तेव्हा त्याचा पणतू रावजी घाटावर भेटतो. तो 'गेल्या सिंहस्थातला' असं चार ठिकाणी लिहिलंय. आता मेळा २०६४ चा झाला, म्हणजे रावजीचा जन्म २०५२ चा. आणि त्याची आई मैना तर २०५१ च्या पुरात बुडून मरते. मेल्यावर वर्षाने बाळंत होते. हे बायकांनी वाचलं तर काय म्हणतील!
पूर एक वर्ष पुढे ढकलावा, तर पाचव्या गोष्टीचं नावच 'एक्कावन्नचा पूर' आहे. नाव बदलायला हात धजेना. नाव यांनी दिलेलं. यांच्या शब्दाला मी कशी हात लावू?

२५ जुलै
मार्ग सापडला. पूर काढून टाकायचा.
'एक्कावन्नचा पूर' ही गोष्टच काढली. कात्रीने, नीट. सहा राहिल्या, पण सहा चांगल्या. पुराचं वर्णन तसंही लांबलं होतं.
मन हलकं झालं. उरलंय ते फक्त पान लिहायचं.

३ ऑगस्ट
पान लिहायला बसले. सहावी गोष्ट, 'चंद्रावरचं सायखेडा'. पुरातून वाचलेली माणसं चंद्रावर जाऊन राहतात. आता पूरच नाही तर ही माणसं घरदार सोडून चंद्रावर का गेली? कोणी विचारलं तर सांगायचं काय?
सहावी काढली.
सातवीत सहादू रावजीला चंद्रावरून परत आणायला जातो. चंद्रावर आता कोणीच नाही. सातवी काढली.
हे असते तर म्हणाले असते, शकू, तुझं डोकं वकिलाचं. एकदा म्हणाले होते. रेशनच्या दुकानात मी भांडले होते तेव्हा.

४ ऑगस्ट
काढलेल्या पानांचं काय करावं? रद्दीत घालायची छाती नाही. उद्या त्यांत कोणी भजी बांधून दिली तर? देवाचे फाटके फोटो, जुनं पंचांग आपण रद्दीत घालत नाही. हे तर यांचे शब्द.
निर्माल्याच्या पिशवीत घालून गोदावरीत सोडली. रामकुंडाच्या खालच्या अंगाला, पाणी बरंच होतं. पानं बुडायला तयार नव्हती. एक बाई म्हणाली, अहो, पुढे होऊन सोडा. पुढे झाले. हात जोडले. फार चांगलं काम केल्यासारखं वाटलं.

११ ऑगस्ट
सायखेड्याहून थोरल्या नणंदबाई आल्या, नवसाबाई. बाजाराला वांगी आणली होती, मला दोन पाट्यांमधली निवडून शेरभर ठेवली. मी पानं मांडून बसलेली. वन्संनी विचारलं, काय चाललंय गं शकू? मी म्हटलं, यांच्या गोष्टीत वर्षांचा घोळ आहे, तो निस्तरते आहे.
म्हणाल्या, दादानं लिहिलं ते लिहिलं. तिकडं वरलं कोन मोजाया जातंय?
मी म्हटलं, टाइमकीपरच्या पुस्तकात वेळ चुकलेली बरी दिसते का?
तर हसायलाच लागल्या. म्हणे, टायमकीपर होता तो कंपनीत. घरला कवा टायमात आला त्यो? तुझ्या हळदीला दोन तास उशिरा आला. नवरदेव कुठं, नवरदेव कुठं, तर हा टेसनावर वजनाच्या काट्याचं तिकीट वाचत बसलेला. तुला चाललं नव्हं तवा? मंग आता काहून चालंना?
त्यांना वाचता येत नाही. त्यांना काय सांगणार. वांगी चांगली निघाली.
जाताना म्हणाल्या, लय कापू नकोस, शकू. कापड कापलं तर जोडता येतंय.
त्यांच्यासमोर मान खाली घालून का बसले, ते कळलं नाही.

२९ ऑगस्ट
चार गोष्टी राहिल्या आहेत. तिसरीत सहादूला वायरलेसवर पुराची बातमी कळते. पूर काढलाय. अर्धी तिसरी काढली. चौथीत सहादू रावजीला विचारतो, तुझी आई कुठे आहे? रावजी नदीकडे बघतो आणि बोलत नाही. आई तर आता मेलेली नाही. मग हा बोलत का नाही? उद्धट दिसतो. ते दीड पान काढलं.
तेही सगळं गंगेवर नेऊन सोडलं. घाटावरची फुलवाली आता ओळखते. विचारते, बाई, रोज काय सोडता?

१४ सप्टेंबर
टाइमटेबल तयार! एकही चूक नाही. कोणी भिंग घेऊन बसलं तरी सापडायची नाही.
१९८०, टिटवी निघते. २०६४, टिटवी येते.
मधे काही घडत नाही, त्यामुळे चुकायला जागाच नाही.

१६ सप्टेंबर
छापखान्यात नेऊन दिलं. कारभारींनी गठ्ठा हातावर तोलला. म्हणाले, वहिनी, बाकीचं मागून आणताय का? मी म्हटलं, एवढंच आहे. म्हणाले, सात गोष्टी होत्या ना?
आणि माझ्या तोंडून निघून गेलं, हे असतानाच करेक्शन करून गेले होते. एवढंच ठेवा म्हणाले होते.
कारभारी लगेच नरमले. निवृत्तीरावांनीच सांगितलं असेल तर प्रश्नच मिटला, म्हणाले. आपण मोठा टाइप घेऊ.
खोटं नाही म्हणता येणार. त्यांच्या मनात असणारच. मी फक्त बोलून दाखवलं.
येताना पंचवटीपर्यंत चालत आले. कोणी ओळखीचं भेटू नये असं वाटत होतं. गणपतीची गर्दी, सगळे ओळखीचेच भेटले.

७ ऑक्टोबर
कारभारींकडे प्रुफं तपासणारे भिमाजी सर घरी आले. कॉलेजात फिजिक्स शिकवतात. बसले, पाणी घेतलं, आणि म्हणाले, ताई, टाइपाचा एक खिळा चुकलाय. २०६३ च्या जागी २०६४ पडलंय.
मी म्हटलं, चौसष्टच बरोबर. बारा साते चौऱ्याऐंशी.
सर म्हणाले, सगळ्या नाशिकचा हाच समज. पण गुरूला सूर्याभोवती फिरायला बारा वर्षं पुरी लागत नाहीत. पावणेदोन महिने कमी लागतात. एकदोन वेळा कळत नाही. सात वेळचे मिळून जवळजवळ वर्ष होतं. म्हणून मधेच एखादा सिंहस्थ अकराव्या वर्षी येतो. अधिक महिना कसा साठत साठत येतो, तसंच हे, फक्त उलट.
पुढे म्हणाले, हे मला वेगळं सांगायला नको होतं ताई. निवृत्तीरावांना माहीत होतं. सत्त्याहत्तर साली ते माझ्या घरी आले होते याच एका आकड्यासाठी. दोन रविवार आम्ही बसलो. सगळी मालिका या त्रेसष्टवर उभी आहे म्हणायचे. रावजीचा जन्म, पूर, मैना, सगळं त्यावरून मागे मोजलं होतं त्यांनी. तेवढा तीन परत घाला, बाकी चोख आहे. आणि हो, शेवटच्या गोष्टी त्यांनीच गाळल्या असं कारभारी म्हणाले, पण पुराचीसुद्धा दिसली नाही. ती कुठे आहे?
मी म्हटलं, सायखेड्याला, नणंदेकडे.
सर म्हणाले, मागवून घ्या. ती त्यांची सगळ्यात चांगली.
बरं म्हटलं. चहा टाकायचा राहिला.

१० ऑक्टोबर
ताप असल्यासारखं वाटतं. ताप नाही.
चूक माझी नाही असं पुष्कळ प्रकारे मांडून पाहिलं. पंचांगात छापायला नको का? यांनी मला सांगायला नको होतं का? दोन रविवार सरांकडे बसले आणि मला म्हणाले बाजारात गेलो होतो. भाजी कुठाय म्हणून मी भांडलेसुद्धा होते.
सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? नसतं. बारा म्हणजे बारा म्हटलं असतं. त्यांना ते माहीत होतं.

१९ ऑक्टोबर
सरांचा दुसऱ्यांदा निरोप, पानं आली का. नवसाबाईंच्या नावावर किती दिवस ढकलणार. त्या बिचाऱ्या वाचतसुद्धा नाहीत.
आज छापखान्यात जाऊन सांगितलं. सगळं. चौसष्ट मी केलं, कात्री मी लावली, हे काही म्हणाले नव्हते. पानं कुठे आहेत विचारलं तर म्हटलं, गंगेत.
खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरचे हात थांबले. भिमाजी सरांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.
शेवटी सर म्हणाले, प्रवाहात सोडलीत की कुंडात? मी म्हटलं, प्रवाहात. तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. मला वाटतं त्यांना काही तरी विचारायचं म्हणून विचारलं असावं.

२ नोव्हेंबर
कारभारींनी वाचनालयांत चौकशी केली. जुने दिवाळी अंक कोणी ठेवत नाही. सिन्नरला एक अंक मिळाला. तो नेमका पहिल्या गोष्टीचा. ती आहेच आपल्याकडे.
कारभारी रागावले नाहीत. म्हणाले, आता दिवाळी नाही, पुढच्या वर्षी बघू. पण वहिनी, तुम्ही इतक्या वेळा वाचल्यात, आठवून लिहून काढा. जेवढं आठवेल तेवढं.
हे मला आधी कसं सुचलं नाही? मला सगळ्या तोंडपाठ आहेत. यांची भाषा तर माझ्या कानात आहे. फराळाचं आटोपलं की बसते. आधी पुराची.

१० नोव्हेंबर
सकाळची कामं उरकून बसले. हात थांबेना. दुपारच्या जेवणापर्यंत चार पानं झाली. मधून मधून वाटलं, हेच सांगताहेत.
जेवून वाचून पाहिलं. पाणी चढत चढत मैनाच्या दारापर्यंत येतं, उंबऱ्याला लागतं आणि मागे फिरतं. मैना बुडत नाही. असं लिहायचं मी ठरवलं नव्हतं.
यांनी तिला बुडवलं होतं. एकाच वाक्यात, छोट्याशा. ते आठवायला संध्याकाळपर्यंत बसले. एक शब्द आला नाही.
कात्री कुठून फिरवली ते आठवतं. कडेला बोटभर कोरी जागा सोडून, सरळ.