बाबांचं धोतर आणि दोन पाइप

६ नोव्हेंबर १९६०, रविवार
शनिवारी आई तुमसरहून येते आहे. इथल्या थंडीत तिला वाकळ हवी. वरची बाजू बायकोने, मनकर्णाने, जुन्या लुगड्यांची जोडून ठेवली आहे. अस्तराला बाबांचं शेवटचं धोतर. आईनेच पाठवलं, तेच अंगावर पाहिजे म्हणे. दुसरं नाही. बायका जमिनीवर गुडघे टेकून टाके घालतात. मी रिगिंग गँगचा, दोरखंडांनी जड यंत्रं उचलणारा माणूस. ठरवलं: बाजेच्या चौकटीला दोन भंगारातले पाइप, मध्ये वाकळ ताणलेली, शिवलेला भाग एका पाइपावर गुंडाळत जायचा. सुरकुती पडणार नाही. बायकोने हे लग्नानंतर लगेच विचारायला हवं होतं.

७ नोव्हेंबर
लोडिंग झालं, म्हणजे वाकळ पाइपांवर चढली. शेजारच्या चंपतची बायको पंचफुला टोक धरायला आली होती. पकडीसाठी दोन्ही पाइपांना धोतराचेच तीन-तीन वेढे दिले. पाहतो तर धोतर वरच्या बाजूपेक्षा हातभर कमी. सकाळी जमिनीवर पसरलं तेव्हा हातभर जास्त होतं. मनकर्णा म्हणते, वेढ्यात गेलं नं जी. मी सांगितलं, पाइपाच्या हिशेबात मी चुकत नाही. पंचफुला जाताना पदर सावरत होती. लक्षात ठेवतो.

८ नोव्हेंबर, सकाळ
पंचफुलाच्या नातवाला लंगोटाचं नवं कापड. पांढरं. धोतरही पांढरं. संशय घेणं माझ्या स्वभावात नाही. फक्त दोनदा त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना हात लावून पाहिला. चंपतने विचारलं, काय पाहून रायले भाऊ? म्हटलं, ऊन.

९ नोव्हेंबर
धोतराच्या उघड्या भागावर गेरूची रेघ मारली. मनकर्णाला सांगितलं नाही. घरातही सावध असलेलं बरं.

१० नोव्हेंबर
रेघ गायब. दोघी दुपारभर टाके घालत बसल्या होत्या, बरंच काम झालं म्हणतात. काम होतं तर कापड कमी कसं होतं? नळावर चंपतला तोंडावर विचारलं. तो अर्धीच बादली घेऊन गेला. निर्दोष माणूस बादली भरून नेतो.

११ नोव्हेंबर
पंचफुला आली नाही. मनकर्णा एकटीच शिवते, माझ्याशी बोलत नाही. उपाय सापडला: ताणलं की कापड वाढतं. पाइपाच्या दोरीला टर्नबकल लावला, पिळला की दोरी आवळते. उद्या आईसमोर पिळेन.

१२ नोव्हेंबर, शनिवार
आई आली. साक्षीला चंपत आणि पंचफुलाला बोलावलं. चोरी दाखवायला पाइप उलगडला. आतून गेरूची रेघ निघाली, तिच्यामागे शिवलेलं सगळं धोतर, आणि शेवटी वेढ्यांतलं. सगळे माझ्याकडे बघत राहिले. विषय बदलावा म्हणून पुन्हा गुंडाळून टर्नबकल पिळला. न शिवलेल्या जागी धोतर टरकन फाटलं.

आई खाली बसली. फाटलेल्या जागेवर हात फिरवत राहिली. बाबा गेले तेव्हा तिने असाच हात फिरवला होता, त्यांच्या छातीवर. मला फार वाईट वाटलं. पंचफुला घरी गेली आणि लंगोट शिवून उरलेलं कापड घेऊन आली. जाड मांजरपाट. धोतराशी काहीच साम्य नाही. त्या दिवशी ऊन नीट नव्हतं.

१३ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
वाकळ पुरी झाली. जमिनीवर, गुडघे टेकून, दोघींनी. आई ती पांघरून बसली आहे, पंचफुलाच्या मांजरपाटाचं ठिगळ बरोबर छातीवर. मी कोपरा सारखा करायला गेलो तर म्हणाली, तू हात नोको लावू, तू ताणशीन. पाइप चंपतने नेले, कपडे वाळवायला. नेताना माझ्याकडे पाहिलंही नाही.

माझी जुनी वाकळ आईच्या खाली अंथरली आहे. मी पोतं पांघरून लिहितो. थंडी मुळीच नाही. दात वाजतात, पण त्याचं कारण वेगळं आहे. खिडकी कोणीतरी मुद्दाम उघडी ठेवली आहे.