उत्तरेचा बाण

अहो,

चपला काढायच्या आधी हे वाचा. शेतातल्या घराला परवानगी का नाकारली, ते सापडलं! घर ओढ्याच्या काठावर येतं, असं पत्रात लिहिलंय ना? अहो, ओढा कुठे आणि आपलं घर कुठे!

आज तुमचा पेन्सिलीचा कच्चा नकाशा कपाटातून काढला. तुम्ही डोंगराकडे तोंड करून बसलात, डोंगराची बाजू कागदावर वर काढलीत आणि तिथेच उत्तरेचा बाण ठोकून दिलात. डोंगर दक्षिणेला आहे, उत्तरेला ओढा! दादाने बिचाऱ्याने तेच शाईने गिरवलं, आणि डोंगराजवळचं घर कागदावर थेट ओढ्याशी जाऊन बसलं.

कचेरीतल्या बाई फोनवर म्हणाल्या, बाण सुधारून आणा, अर्ज पुन्हा घेते. कचेरी पाचला बंद होते, म्हणून पळतेय. घाईत लिहिलंय, अक्षर लावून घ्या. जेवण ओट्यावर झाकलंय. तिघांचं आहे, एकट्याने संपवू नका.

‘तुझ्या भावाला साधा नकाशा जमत नाही,’ हे पंधरा दिवस ऐकतेय. येताना दादाला घेऊन येते. बेल वाजली की दार तुम्हीच उघडा.