वर्दी देणाऱ्याची खोली

२५ मार्च १९६८, दोंडाईचा

नियमांच्या फळ्यावर दुसऱ्या ओळीतला ‘बंब’ हा शब्द फार मोठा झाला. रॉकेलच्या बोळ्याने पुसून पुन्हा रंगवला. फळा आता उन्हात वाळतो आहे. भडगावहून येऊन मला दोन दिवस झाले. कापसाच्या जिनिंग-प्रेसचा टेलिफोन सांभाळायचा, पत्रं लिहायची, एवढंच काम. मालक कांतीलाल शेठ अक्षर पाहून खूश झाले. त्यांनी यावलची केळी पाठवली.

माझ्या आधीच्या कारकुनाने, छगनने, धुळवडीला गंमत म्हणून आगीची वर्दी दिली. धुळ्याहून बंब दीड तास धावत इथे आला. तेवढ्यात तिकडे एक घर पेटलं, आतली म्हातारी गेली. छगन पळाला तो अजून सापडला नाही. म्हणून हे तीन नियम. वर्दी टेलिफोनवाल्यानेच द्यावी. ती दिल्यावर बंब येईपर्यंत त्याने टेलिफोनच्या खोलीत थांबावे व पहारेकऱ्याने बाहेरून कुलूप लावावे. वर्दी खोटी ठरल्यास पोलिसात देण्यात येईल.

दुसरा नियम मी सुचवला. गुन्हेगाराला पळता येऊ नये, इतकंच मनात होतं. शेठ म्हणाले, पोराला डोकं आहे.

२८ मार्च

खोली गोदामाला चिकटून आहे. एक दार, एक गजांची खिडकी. रेल्वेच्या वॅगन मिळत नाहीत, त्यामुळे रुईच्या, दाबलेल्या कापसाच्या, गाठी खिडकीपर्यंत रचल्या आहेत.

पहारेकरी सुपडू दुपारी येऊन बसतो. त्याने सांगितलं, कपाशीतला खडा जिनमध्ये, सरकी काढायच्या यंत्रात, घासला की ठिणगी पडते. ती गाठीत दाबली गेली तर बाहेरून काही कळत नाही. आठ दिवस, कधी पंधरा दिवस धुमसते. ‘आग मझार ऱ्हास, भाऊ,’ म्हणाला. ‘वर बठ्ठं पांढरं.’ म्हणजे आग आत राहते, वर सगळं पांढरं.

४ एप्रिल

सकाळपासून चिंधी जळल्यासारखा वास. खिडकीजवळच्या गाठीत सळई खुपसली. निघाली तेव्हा हातात धरवेना. वर्दी दिली. सुपडूने हसत कुलूप लावलं. दीड तास आत बसलो. तहान लागली होती.

बंबवाल्यांनी पाच गाठी फोडल्या. सगळ्या पांढऱ्या. मी सळई खुपसलेली गाठ कुठली ते मला नक्की सांगता आलं नाही. सगळ्या सारख्याच दिसतात. फौजदारांनी जबाब घेतला. पुन्हा असं झालं तर सरळ खटला, सहा महिने कैद. त्यांचा आवाज चढला नाही. म्हातारीचं नाव मात्र त्यांनी दोनदा घेतलं.

५ एप्रिल

मुनीमजी नेमीचंद सर्वांसमोर म्हणाले की छगन निदान सणाच्या दिवशी खोटं बोलला. कुलपाची किल्ली आता त्यांच्याकडे राहणार. सुपडू दयाळू आहे म्हणून.

जिनमधल्या बायांनाही विषय मिळाला. त्यांच्यातल्या भागाबाईने चहा पुढे केला. ‘भाऊ, चहा गरम शे. बंब बलावू का?’ मीही हसलो.

८ एप्रिल

खिडकी गाठींनी पूर्ण झाकली. दिवसा दिवा लावून बसतो. गोदामाकडची भिंत कोमट आहे. मुनीमजींना हात लावायला सांगितलं. लावला. चैत्र आहे, म्हणाले. वॅगन उद्या मिळणार.

रजा मागितली. शेठनी विचारलं, टेलिफोनवर कोण बसेल? दुसरा नियम काढा म्हटलं. शेठ समजावणीच्या सुरात बोलले — नियम तुमचाच, भाऊ, आणि चांगला आहे. तुम्ही खरं बोलत असाल तर कुलपाची भीती कशाला?

टेलिफोनकडे परत आलो.

९ एप्रिल

बारा वाजता. वरच्या गाठीतून धूर. दोऱ्याएवढा. ओरडलो. बाया हसल्या. भागाबाई म्हणाली, आज परत का? चाळीस बाया जिनमध्ये, तिथलं दार एकच, तेही गाठींच्या बाजूला. फाटक उघडं होतं. मी निघून जाऊ शकत होतो —

वर्दी दिली. पलीकडच्याने तीनदा विचारलं, खरी का. खरी म्हटलं. सुपडूने बाहेरून कुलूप दाबलं, त्याचा आवाज आला तशा बाया गप्प झाल्या. खोटं सांगून कोणी दोनदा कोंडून घेत नाही, हे त्यांना कळलं असावं. मग पळण्याचे आवाज.

बारा पंचवीस. खिडकीचे गज तापले. काच तडकली. सुपडू कुलपावर दगड घालतो आहे. कुलूप चांगल्यातलं आहे. किल्ली मुनीमजींकडे, मुनीमजी स्टेशनवर, वॅगनसाठी —

दगडाचा आवाज थांबला. धुराने त्याला मागे —

आता जमिनीवर. इथे हवा थोडी. भागाबाई बाहेरून माझं नाव घेते आहे, विचारते आहे, भाऊ, तुम्ही —

वही दाराखालून सरकवतो. आईला भडगावला —

१० एप्रिल

वही सुपडूजवळ मिळाली. पुढील मजकूर मी लिहीत आहे. गोदाम जळाले. चाळीसही बाया सुखरूप. स्टेशनवरून मी एक वाजता परतलो. किल्ली माझ्याजवळ होती. बंब पावणेदोनला पोचला. नियमाप्रमाणे कुलूप त्यानंतर काढले. वर्दी खरी होती, अशी नोंद फौजदारांनी आज सकाळी केली.

नेमीचंद, मुनीम