मध्ये आलेला हात

प्रिय अनंत, आणि ज्यांच्या पानातलं गरम जेवण कुणाच्या तरी मोबाइलपायी गार झालं असे आपल्या घरातले सर्व,

अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? (ज्याच्या जोरावर तू रविवारी बोरिवलीहून मुलुंडला यायचं टाळलंस, तोच.) आला असतास तर तुझ्या मुलीच्या केळवणाचं काय झालं ते मला लिहावं लागलं नसतं.

तुझ्या वहिनीने दोन दिवस खपून वाल सोलले, मोदक वळले. बारा वाजता रुचिरा आली ती प्रांजल नावाची मैत्रीण, एक ट्रायपॉड आणि परातीएवढा गोल दिवा घेऊन. पान वाढलं, पण जेवायचं नाही, कारण वाफ दिसत नव्हती. वाफेसाठी मोदक पुन्हा उकडले. (एव्हाना त्यांच्या कळ्या मिटल्या होत्या.) मग 'कॅंडिड' सुरू झालं. कॅंडिड म्हणजे सहज, एवढं मलाही कळतं. पण "काका, इकडे बघू नका, सहज हसा, अजून थोडं सहज" असं चाळीस मिनिटं ऐकल्यावर माणसाला सहज येतो तो फक्त ठसका.

शेवटी मी आईचा चांदीचा करंडा रुचिराच्या हातात ठेवला. अनंता, आईचं नाव घेतलं आणि माझा गळाच भरून आला. पोरीला जवळ घेतलं, दोघंही रडलो. तेवढ्यात प्रांजल म्हणते, "काका, सॉरी ना, मध्ये काकूंचा हात आला. परत एकदा रडाल?"

आणि रुचिराने डोळे पुसून करंडा मला परत दिला. मी तो पुन्हा द्यावा म्हणून.

मग मी उभा राहिलो आणि अकरा मिनिटं बोललो. रडण्याचीही तालीम करणाऱ्यांना स्वतःचा आनंद तरी ओळखू येणार आहे का, असं विचारलं. रुचिरा मोदकाला हात न लावता उठली. दारात म्हणाली, "काका, तुमचं भाषण तरी कुठे सहज असतं? आरशासमोर पाठ करता ना." करंडा टेबलावरच राहिला. चार दिवस ती फोन उचलत नाही, आणि लग्न बारा दिवसांवर आलंय.

मी संतापलेला आहे आणि संतापलेलाच राहणार आहे. तेव्हा एकच कर. येत्या रविवारी रुचिराला जेवायला पाठव. एकटीला, फोन तुझ्याकडे ठेवून.

तुझा,
विद्याधरदादा

ता. क. तुझी वहिनी म्हणते, पोरगी खोटं काय बोलली? दर गणेशोत्सवात सातव्या मिनिटाला तुमचा आवाज दाटतो, मी शेजारच्या बायकांना आधीच सांगून ठेवते. (तिला वक्तृत्वातलं काही कळत नाही.)

आणखी एक. तुझ्या वहिनीचा हात मध्ये आलेला तो व्हिडिओचा तुकडा प्रांजलने पुसू नये, एवढं सांग. मी कुणाला दाखवणार नाही. आई गेली तेव्हासुद्धा मी भाषणच केलं होतं, तुला आठवत असेल. तो तुकडा बघायला फोन लागणार असेल, तर रुचिराला रविवारी फोन आणू दे.