सतरावी जोखीम

मंगळवार, १ एप्रिल

पहिली जोखीम बैठक झाली. बारा माणसं, दोन ताटं सामोसे, आणि जोखीम एकसुद्धा नाही! "या कामात काय काय बिघडू शकतं, सांगा," असं विचारलं तर सगळे माझ्याचकडे बघायला लागले. बिघडवणारी मीच!

काम तसं साधं वाटतं. इंदिरानगरच्या या रुग्णालयाच्या तळघरात नवी सर्व्हर खोली. वॉर्डातली यंत्रं, औषधांच्या याद्या, ऑक्सिजन कमी झाला तर वाजणारी घंटा – सगळं त्या एका खोलीतून चालणार. तीस तारखेला अक्षय्य तृतीया, त्या दिवशी उद्घाटन. आणि काय काय बिघडू शकतं ते आधीच हुडकून वहीत नोंदवायचं, संबंधिताच्या मागे लागून ते दुरुस्त करून घ्यायचं, मग नोंद बंद करायची – हे माझं काम. सविता गांगुर्डे, जोखीम समन्वयक. कंत्राटी.

धोंडाबाई फरशी पुसायला असतात. कप उचलता उचलता मला समजावून गेल्या, की नव्या जागेत वाईटसाईट बोलू नये, जागा ऐकत असते. आणि मोठे डॉक्टर, शिरुडे, एमडी झालेला माणूस – त्यांनी मान डोलावली. कपाळ माझं!

शुक्रवार, ४ एप्रिल

चिवड्याचा रिकामा डबा घेतला, झाकणाला फट पाडली, पाण्याच्या कूलरजवळ ठेवला. वर कागद चिकटवला – काय बिघडेल ते लिहा, नाव लिहू नका. तोंडाने बोलायची भीती वाटते ना, मग लिहा बाबांनो.

रवी सर खूप हसले. ते पुण्याहून आलेत, प्रकल्पाचे प्रमुख. हसू देत.

सोमवार, ७ एप्रिल

डब्यात तीन चिठ्ठ्या. एक – "कँटीनचा चहा." दुसरी – "गांगुर्डे मॅडमचा स्वभाव." (हा अमितच. आग विझवायच्या गॅसचं काम करणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर. बघते त्याच्याकडे.)

तिसरी चौकटींच्या कागदावर, अक्षर सुबक, एकेक सुटं. "सर्व्हर खोलीच्या छतावरून डायलिसिसच्या पाण्याचा पाइप जातो. जोड जुना आहे. एकदा बघावा."

माझं हसूच पळालं. हनीफभाईंना शिडी लावायला सांगितली – हनीफ शेख, मालेगावचे, वायरिंगचं काम त्यांच्याकडे. त्यांनी छताची फळी सरकवून टॉर्च मारला आणि वरूनच म्हणाले, की पाइप आहे मॅडम, आणि जोडाला ओलही आहे. बरोबर खाली सर्व्हरचं कपाट यायचं होतं.

नोंद क्रमांक नऊ.

गुरुवार, १० एप्रिल

आणखी एक. तोच कागद, तेच अक्षर. "वीज गेल्यावर बॅटरी अकरा मिनिटं टिकेल असं लिहिलंय. मी घड्याळ लावून बघितलं. चारच."

आम्हीही लावून बघितलं. चार!

बैठकीत रवी सर सगळ्यांसमोर म्हणाले, गांगुर्डे मॅडमची नजर बघा. डॉक्टरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. चिठ्ठीचं मी काही बोलले नाही. नाव लिहू नका असं मीच सांगितलं होतं, मग कुणाचं नाव घेणार? आणि डबा माझाच आहे की.

सोमवार, १४ एप्रिल

सुट्टी. सकाळी विहारात, संध्याकाळी मिरवणूक. हे म्हणाले, आज बाबासाहेबांची जयंती, आज तरी त्या वहीचं नाव काढू नकोस. काढलंच. माणूस कोण असेल ते डोक्यातून जात नाही.

गुरुवार, १७ एप्रिल

रवी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. तीस तारखेला वहीतल्या सगळ्या नोंदी हिरव्या दिसल्या, एकही उघडी राहिली नाही, तर मला कायम करायची शिफारस ते करणार आहेत. सात वर्षं! सात वर्षं दर अकरा महिन्यांनी नवीन कागदावर सही करतेय मी. घरी येऊन सांगितलं तर हे भाजी चिरायची थांबले. नोटांच्या प्रेसमधल्या सरकारी माणसाला काय कळायचं कंत्राटी म्हणजे काय, असं मी नेहमी म्हणते. पण आज त्यांचेही डोळे भरले.

चिठ्ठीवाला कोण याचा शोध घेतला. ऑफिसातल्या सगळ्यांचं अक्षर हजेरीपटावर बघितलं. नर्सेसचं बघितलं. कुणाचंच जुळत नाही. वायरिंगवाले राहिले, पण ते कशाला मराठीत चिठ्ठ्या लिहितायत.

हनीफभाईंची एक सवय मात्र बघून हसू येतं. सर्व्हर खोलीत शिरले, की आधी दारात लोखंडी स्टूल आडवं घालतात. दार मिटू देत नाहीत. अमित चिडवतो, चाचा, भूत आहे का आत? ते म्हणतात, हवा खेळती राहते बेटा.

मंगळवार, २२ एप्रिल



चिठ्ठी – "आगीची घंटा वाजली की सर्व्हर खोलीचं दार सुटत नाही. उलट घट्ट बसतं. करून बघा."

त्या खोलीत आग विझवायला पाणी चालत नाही, म्हणून गॅस. घंटा वाजते, अर्ध्या मिनिटाने नळकांड्यांतून गॅस सुटतो, खोलीतली हवा संपते, आग विझते. माणूसही विझेल, तो आत असला तर. म्हणून घंटा वाजल्याबरोबर दाराचं चुंबकी कुलूप सुटायला हवं.

अमितने गॅसचा कॉक बंद केला आणि नुसती घंटा वाजवायची ठरली. मोठ्या तोऱ्यात मी आत उभी राहिले. माझी वही ना! घंटा वाजली. दार ढकललं – हलेना. कार्ड लावलं, लाल दिवा. परत लावलं, लाल. आत गॅस नाही हे माहीत असूनही माझा श्वास वर वर जायला लागला. दारावर थापा मारल्या. अमित बाहेरून सांगत होता घाबरू नका, आणि स्वतः नुसता उभा. शेवटी हनीफभाईंनी धावत जाऊन कुठलं तरी बटण खाली ओढलं, तेव्हा दार सुटलं. त्यांनीच पाणी दिलं. त्यांचा चेहरा माझ्याहून पांढरा होता.

घंटेपासून कुलपापर्यंत जायची तारच जोडलेली नाही.

नोंद क्रमांक सतरा. लाल.

गुरुवार, २४ एप्रिल

अमित म्हणतो, तार जोडायला एक छोटी डबी लागते, ती मुंबईहून यायला तीन मे उजाडेल. मी म्हटलं, मग उद्घाटन पुढे ढकला. रवी सर एकदम शांतपणे म्हणाले, "अक्षय्य तृतीया पुढे ढकलता येते का, मॅडम? तीन दिवसांचा प्रश्न आहे. त्या खोलीत बसणार आहे कोण?"

आणि उठता उठता – "तुमचं पत्र टाइप करून ठेवलंय."

शनिवार, २६ एप्रिल

केली. सतरा नंबर बंद केली.

बंद करायची तर दुरुस्तीचा फोटो लागतो. शेजारच्या बॅटरी खोलीचं दार तसंच दिसतं, त्याला सगळं नीट बसवलेलं आहे. त्याचा काढला. खाली लिहिलं – कुलूप तपासले, घंटेसोबत सुटते. तारीख. सही.

यादी छापून सर्व्हर खोलीच्या दारावर लावली. सतराच्या सतरा हिरव्या.

मनाशी ठरवलंय, तीस ते तीन, कुणाला आत जाऊ द्यायचं नाही. मी स्वतः दाराशी बसेन, पण सोडणार नाही. तीन दिवसच तर आहेत. जेवण मात्र गेलं नाही. यांना सांगितलं पित्त झालंय.

सोमवार, २८ एप्रिल

डबा रिकामा. चला, नवीन काही नाही.

मंगळवार, २९ एप्रिल

हनीफभाई दारावरची यादी वाचत उभे होते. एकेका ओळीवर बोट ठेवून. सतरावर बोट थांबलं.

"दार झालं मॅडम?"

मी म्हटलं, "झालं."

माझ्या बाजूला डॉक्टर शिरुडे उभे होते, त्यांच्या मागे रवी सर. दुसरं काय म्हणणार होते मी? नंतर गाठून सांगू असं वाटलं. हनीफभाई इतकं छान हसले. म्हणाले, बरं झालं, जिवाला घोर होता. मग स्टूल उचललं आणि पाहुण्यांच्या पायात यायला नको म्हणून वर स्टोअरमध्ये ठेवून आले.

नंतर हार, रांगोळीवाल्या, पेढ्यांचा हिशेब. राहूनच गेलं. उद्या सकाळी पहिलं काम तेच.

बुधवार, ३० एप्रिल

सकाळी गुरुजी लवकर आले. सांगायचं राहिलं.

पूजा सर्व्हर खोलीतच झाली. धूप, कापूर – त्यासाठी गॅस आणि घंटा बंद ठेवली होती, तीही नोंद माझीच, बारा नंबर. साडेबाराला सगळे वर फोटोला गेले. अमितने दोन्ही परत चालू केलं. मी दाराशीच होते. रवी सरांनी हाक मारली – मॅडम, तुमच्याशिवाय फोटो कसा! गेले मी वर. दोन मिनिटांसाठी.

पूजेचा धूर छताच्या पोकळीत साठून राहिला होता, आग समजून घंटा वाजायला तेवढा पुरे. हनीफभाई आत दिव्यांच्या माळा गुंडाळायला गेले होते. स्टूल नव्हतं.

घंटा ऐकली आणि मला कळलं. बाकी कुणाला कळलं नाही, लोक पेढे खात होते. जिने कसे उतरले आठवत नाही. कार्ड लावलं. लाल. दाराच्या काचेआड पांढरं धुकं. त्यांचा हात एकदा काचेला लागलेला दिसला. मग नाही दिसला. त्या दिवशी त्यांनी ओढलेलं ते बटण कुठलं, ते त्यांनाच ठाऊक होतं. अमितला नाही. मला नाही. मी विचारलंच नव्हतं!

दार उघडायला सहा मिनिटं लागली.

गुरुवार, १ मे

तिसऱ्या मजल्यावर आहेत. कृत्रिम श्वासावर. शुद्ध नाही. त्यांच्या खाटेजवळचं यंत्र आमच्याच नव्या सर्व्हरवर चालतंय, व्यवस्थित.

हनीफभाईंच्या पत्नी जुलेखाभाभी पहाटेच्या गाडीने मालेगावहून आल्या. मला बघून उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, हे नेहमी तुमचं सांगतात, मॅडम फार काळजीवाल्या आहेत. मग एकच विचारत राहिल्या – "ते तर दारात स्टूल लावल्याबगैर आत जात नाहीत. काल का नाही लावलं?"

मी पाण्याची बाटली आणायला म्हणून उठले. परत गेले नाही.

दुपारी अमितची डबी आली. दोन दिवस आधीच. लगेच बसवली. दार आता घंटेसोबत सुटतं. कुणीही येऊन बघावं.

शुक्रवार, २ मे

पोलिसांना द्यायचं निवेदन रवी सरांनी तयार ठेवलं होतं. कुलूप २६ तारखेला दुरुस्त होतं, नोंदवहीत फोटो आहे. माळा जोडताना हनीफ शेख यांच्याकडूनच तार निसटली असावी. नेहमीचं स्टूलही त्यांनी त्या दिवशी लावलं नव्हतं. ही शेवटची ओळ वाचून मी रवी सरांकडे बघितलं. ते म्हणाले, खोटं आहे का?

खोटं नाही.

सही केली. थोबाडीत मारून घ्यावी स्वतःच्या असं वाटलं, आणि तरी केली. मग त्यांनी दुसरं पाकीट पुढे सरकवलं. कायम झाल्याचं पत्र.

रविवार, ४ मे

शुद्ध नाही.

सोमवार, ५ मे

काम संपलं म्हणून कूलरजवळचा डबा काढायला गेले. आत एक चिठ्ठी होती. चौकटींचा कागद. वर तारीख, २९ एप्रिल.

"मॅडम, दार लगेच करून घेतलंत. फार आभार. तुम्ही आत अडकलात तेव्हा मला वाईट वाटलं, मी चिठ्ठीत नीट लिहायला पाहिजे होतं की स्वतः आत उभं राहू नका. ठेकेदाराला कळलं तर काम जाईल म्हणून नाव लिहीत नव्हतो. पण तुम्ही माणसाचं ऐकता. म्हणून आज लिहितो. – हनीफ शेख."