खोल ओढा, सावकाश सोडा

३ जून, सकाळी
आजपासून सिगारेट बंद. लेकीचा, ऋतुजाचा, सासरहून मोडनिंबहून फोन. घरात धुराचा वास असेल तर बाळंतपणाला माहेरी येणार नाही म्हणाली. दीड महिना आहे. मला आठवडा पुरे. बायको शिवबाई म्हणते, डॉक्टरांना दाखवा. गोळ्या घेऊन सोडली तर त्यात माझं काय? नैसर्गिक मार्गानेच सोडणार.

५ जून
बँकेतल्या धोंडप्पाने कानाचे थेरपिस्ट गाठून दिले. कानावर पाच मोहऱ्या पट्टीने चिकटवल्या. तलफ आली की दाबायच्या. सोपं आहे.

७ जून
दाबून दाबून कान सुजला. ठणका विसरायला दोन ओढल्या. औषध म्हणून. हिशेबात धरत नाही.

१२ जून
तुळशीची सिगारेट. तंबाखू अजिबात नाही. चवही नाही. तोंड बिघडतं, म्हणून वर एक साधी. शिवबाईला घरात आता दोन वास येतात. या बाईला आयुर्वेदाची कदर नाही.

२० जून
संमोहन! मोबाइलवर रेकॉर्डिंग, रोज गच्चीत अर्धा तास. धीरगंभीर आवाज: खोल ओढा, सावकाश सोडा. श्वासाबद्दल आहे, मला कळतं. हाताला कळत नाही. तिसऱ्या 'ओढा'ला पाकीट बाहेर.

२६ जून
शिवबाई धुणं वाळत घालायला वर आली. माझा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. "त्यो म्हणतोय ओढा, आन् तुमी वढताय. जल्मात पयल्यांदा कुणाचं ऐकलं की." तिला संमोहनशास्त्र समजावलं. समजावताना एक.

१० जुलै, दुपारी
ऋतुजा न कळवता आली. बॅग घेऊन. नववा महिना, तरी जिने चढून गच्चीत. मी डोळे मिटून, हेडफोन लावून, हातात पेटलेली. उपचार चालू आहेत म्हणालो. ती रागावली असती तर बरं झालं असतं.
"अप्पा, माझ्यासाठी पण न्हाय सुटली?"
बॅग न उघडता परत. शिवबाईही सोबत गेली. मला भयंकर राग आला. कुणाचा, ते ठरेना.

२२ जुलै, संध्याकाळी
नात झाली. मोडनिंबला. फोटो आला. शिवबाई म्हणते, कान आजोबांचे. बघायला कधी येऊ विचारलं, तर ऋतुजाचा निरोप: आधी सोडा. डॉक्टरांचा नंबर शिवबाई जाताना कॅलेंडरवर लिहून गेलीय. उद्या नक्की. आज फार भरून आलं, म्हणून गच्चीत रेकॉर्डिंग लावलं.
तोही म्हणाला, सोडा.
धूर सोडला.