विहीणबाईंचा कानोलो, आमचं तिरामिसू

त्रेविझो, ६ मे १९९१

श्रीमती अगातीना विहीणबाई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमचं-माझं जमत नाही, हे परवाच्या रविवारी सिद्धच झालं. तुम्ही तुमच्या सिसिलीच्या बोलीत, मी माझ्या व्हेनेतोच्या, आणि मध्ये आमची नात पोट धरून हसतेय. कागदावर निदान आपण दोघंही शाळेत शिकवलेली इटालियन लिहितो. तेव्हा पत्रच बरं.

इलारियाचं तुमच्या नातवाशी, सारोशी, २२ जूनला तुमच्या शिक्लीत लग्न लागतंय, आनंद आहे. तिचे वडील गेल्यापासून ती माझ्याकडेच वाढली, म्हणून चर्चमध्ये तिला वेदीपर्यंत मीच न्यायचं असा तिचा हट्ट आहे. पण मी येणार नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून काठीशिवाय चालवत नाही, आणि काठी घेऊनही गोगलगाय माझ्यापुढे निघून जाते. सगळ्या गावासमोर नवरीला रखडवत नेणारा म्हातारा मला व्हायचं नाही. तिचे मामा नेतील. तुम्ही समजून घ्याल.

मी येईन तो ताटातून. लग्नाच्या जेवणात आमचं तिरामिसू हवं, एवढी विनंती. आमची ही असताना रविवारी दुपारी ते व्हायचंच. ती अंडी फेटायची, मी कॉफी गाळायचो आणि खिडकीतून सिले नदीवरची बदकं बघत शाळेतल्या कविता म्हणायचो. ती म्हणायची की कॉफी गार झाली, तुमची बदकं अजून पोहताहेत. हल्ली त्या कविता एकट्यानं म्हणताना मधलंच कडवं विसरतो.

घरच्या मंडळींना नमस्कार. आपला जीव असाच लागलेला राहू द्या.

आपला,
ओत्तोरिनो झानात्ता


शिक्ली, १५ मे १९९१

श्री. ओत्तोरिनो व्याही यांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, बदकांपाशी दोन्ही वेळा थांबले. तुमची बायको बिचारी फार सोशिक असणार.

आता स्पष्टच लिहिते. आमच्या घरातल्या लग्नात कानोलोच असतो. माझ्या लग्नात होता, माझ्या सासूच्या लग्नात होता. बाहेरचा गोड पदार्थ ठेवला तर माझ्या दोन्ही नणंदा जेवायच्या राहतील आणि बोलायच्या मात्र राहणार नाहीत. पण एक गोष्ट तुमच्या तिरामिसूच्या बाजूनं आहे. मे संपला की आमच्याकडे ओव्हन कोणी पेटवत नाही, आणि तुमच्या पदार्थाला ओव्हन लागतच नाही. तेव्हा मी असं ठरवलंय की दोन्हींचं लग्न लावू. क्रीममध्ये अर्धं तुमचं सायीचं मस्कारपोने, अर्धा माझा मेंढीच्या दुधाचा रिकोत्ता, रात्रभर फडक्यात टांगून चाळणीतून काढलेला. वर पिस्ते आणि संत्र्याच्या पाकवलेल्या साली.

भांडण एकाच ठिकाणी आहे. तुम्ही बिस्किटं कॉफीत भिजवता. आमच्याकडे कानोलोची तळलेली नळी पाहुणा खुर्चीत बसल्याशिवाय क्रीमनं भरत नाहीत, कारण दाताखाली ती वाजली पाहिजे. भिजलेली नळी म्हणजे आमच्याकडे बेअब्रू. यावर काय ते कळवा. मापं लिहा, कविता नको.

हाड मोडलं ते कळलं. येण्याविषयी पुन्हा विचार करा. सारो म्हणतो की इलारिया मामांचं नाव काढलं की फोन ठेवून देते.

ओढ आहे ती कमी होऊ देऊ नये, ही विनंती.

आपली विहीण,
अगातीना


त्रेविझो, २३ मे १९९१

श्रीमती विहीणबाई यांस,
सा. न. वि. वि.

तुमची युक्ती मला रात्री अंथरुणात पटली. सकाळी उठून शेजारच्या दुकानातून रिकोत्ता आणला. गाईचा होता, रागावू नका. भांडण असं मिटवू: भिजलेलं खाली, वाजणारं वर. म्हणजे तळाशी कॉफीतली बिस्किटं, त्यावर क्रीम, पुन्हा बिस्किटं, पुन्हा क्रीम, आणि वाढायच्या अगदी आधी तुमच्या नळ्यांचा जाडसर चुरा वरून पसरायचा. तुमच्या नणंदांना नळी वाजताना ऐकू येईल, आमच्या मंडळींना कॉफी मिळेल.

मापं लिहितो. चार अंड्यांचे बलक, दोन मुठी साखर, फिकट होईपर्यंत फेटायचे. त्यात मस्कारपोने आणि रिकोत्ता सारखे. मग त्याला एक सावली द्यायची, जास्त नको, बिघडेल. कॉफी कडक आणि गार. बिस्किट कॉफीत किती वेळ, ही खरी कला. आमची ही म्हणायची की माझ्या कवितेची अर्धी ओळ म्हणून होईपर्यंत. शेवटी रात्रभर फ्रिजमध्ये.

येण्याविषयी विचार केला. नाहीच. इलारिया माझ्याशी आठवडाभर हो-नाहीपुरतंच बोलतेय. लहानपणीही रुसली की अशीच करायची, कढईकडे बघत उत्तरं द्यायची.

तिकडच्या उन्हात जपा. माया असू द्यावी.

ओत्तोरिनो


शिक्ली, २ जून १९९१

श्री. व्याही यांस,
सा. न. वि. वि.

करून पाहिलं. ऐका.

अर्धी ओळ म्हणालात. मी आमच्या शाळेतली कविता घेतली, जहाज फुटल्याची. तिची अर्धी ओळ म्हणता म्हणता बिस्किटाचा चिखल झाला. आमच्या मास्तरांना लांब ओळी आवडायच्या, त्याला मी काय करू?

ते जाऊ द्या. तुम्ही लिहिलंत म्हणून क्रीमला सावली दिली. अंगणातल्या कॅरोबच्या झाडाखाली भांडं ठेवलं, वर जाळी झाकली. किती वेळ ते तुम्ही लिहिलं नव्हतं, म्हणून दुपारच्या झोपेपुरती दिली. उठून पाहते तो क्रीमचं ताक, आणि मुंग्यांची वरात. सून म्हणाली की उत्तरेकडच्या माणसांची सावलीही वेगळी असेल, बर्फाची. सारोनं हसून खुर्ची मोडली. तुमच्या नातीनं मात्र फोनवर ऐकलं आणि ती रडली, असं तो म्हणतो. का, ते त्याला कळलं नाही. मला कळलं.

सावली म्हणजे काय ते नीट लिहा.

रागावलेली नाही, पण मुंग्यांना विचारा.

अगातीना


त्रेविझो, ८ जून १९९१

श्रीमती विहीणबाई यांस,
सा. न. वि. वि.

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे वाइनच्या छोट्या पेल्याला सावली म्हणतात. आम्ही मित्राला चल म्हणतो, एक सावली घेऊ, आणि दोघं दारूच्या दुकानात शिरतो. का म्हणतात यावर इथले म्हातारे पाच गोष्टी सांगतील. शाळेच्या भाषेत लिहीत होतो, तरी बोली दाराच्या फटीतून आत आलीच. तेव्हा क्रीममध्ये एक छोटा पेला मार्साला वाइन, एवढंच. ती तर तुमच्याच बेटावरची.

कवितेचंही चुकलं. माझी ओळ आखूड आहे. सारसाच्या घरट्यावरची, दुसऱ्या इयत्तेतली. तुम्हाला ऐकवता आली असती तर बरं झालं असतं.

इलारिया का रडली म्हणता? मला तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

ओत्तोरिनो


शिक्ली, १२ जून १९९१

श्री. व्याही यांस,

आज नमस्कार नंतर. आमची मार्साला, आणि तुम्ही तिला सावली म्हणता! बारशाला आम्हाला बोलावलं नाहीत.

आता नीट वाचा. लग्नाच्या टेबलावर कानोलोच राहील. तुमचा पदार्थ मी करणार नाही. अर्धी ओळ पत्रातून कळत नाही, ती स्वयंपाकघरात उभं राहून म्हणावी लागते. ज्याला आपला पदार्थ टेबलावर हवा, त्यानं २१ तारखेला सकाळी माझ्याकडे हजर व्हावं आणि बिस्किटं स्वतः बुडवावीत. बुडवायला पाय लागत नाहीत, स्टूल मी देईन.

चर्चचं म्हणाल तर आमचं चर्च लांबलचक आहे. मी माझ्या दुखऱ्या गुडघ्यांनी दर रविवारी त्यातून चालत जाते, आणि पुढच्या बाकावर पोचेपर्यंत पाद्री अर्धी प्रार्थना संपवतात. आजवर कोणी हसलेलं नाही. हसलं असतं तर मला दिसलं असतं, मी इतकी हळू जाते. ती पोर मामांच्या हाताची वाट बघत नाहीये. क्रीमचं ताक झालं म्हणूनही ती रडली नाही. तुमच्या जागी भांडं येणार, म्हणून रडली.

सा. न. वि. वि. आता घ्या.

अगातीना


त्रेविझो, १ जुलै १९९१

श्रीमती अगातीना विहीणबाई यांस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. गाडीत झोप लागली नाही, सामुद्रधुनी ओलांडताना बोटीवर वर जाऊन उभा राहिलो. घर बंद होतं, उघडल्यावर फार मोठं वाटलं. पण ते असो.

तुमचं स्टूल फार उंच होतं, हे तेव्हा भिडेपोटी बोललो नाही. माझी ओळ मात्र तुम्हाला पटली, हे मोठंच. तिसऱ्या बिस्किटाला तुम्हीही माझ्याबरोबर म्हणायला लागलात, तेव्हा तुमची सून आपल्या दोघांकडे बघून बाहेर निघून गेली. मार्सालाच्या बाबतीत तुम्ही एकाऐवजी दोन सावल्या ओतल्यात, तेही पाहिलं.

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्यानं एकदा धून संपवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, तेव्हा आम्ही जेमतेम निम्म्यात होतो. मी इलारियाला हळूच म्हणालो की तू पुढे हो. तिनं माझा हात आणखी घट्ट धरला आणि काठीच्या बाजूला झुकून आपलं पाऊल माझ्याहून आखूड केलं. कोणी खोकलंसुद्धा नाही.

एक तक्रार आहे. चर्चमधून अंगणात येईपर्यंत टेबलावरचं आपलं भांडं धुतल्यासारखं स्वच्छ होतं. तुमच्या दोन्ही नणंदा बोटं पुसत होत्या. मला कडेचा चुरासुद्धा मिळाला नाही. कसं झालं होतं, हे निघताना मी इलारियाला विचारलं. ती म्हणाली की तिलाही ठाऊक नाही, ती माझ्याबरोबरच चालत आली होती.

आपलाच,
ओत्तोरिनो